कोर्स बदलताना एलसॅटच्या सराव प्रश्नपत्रिका पुरवून कशा वापराव्यात

एलसॅटची, म्हणजे अमेरिकेतील लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी अर्ध्यावर आलेली असताना कोर्स बदलणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा असे वाटते की, नव्या कोर्सबरोबर सरावाचे नवे साहित्यही हाती येईल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. कोर्स कोणताही असला, तरी त्यातील खऱ्या प्रश्नपत्रिका एकाच ठिकाणाहून, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिलकडून येतात, आणि कौन्सिलच्या लॉहब या संकेतस्थळावर सध्याच्या स्वरूपातील प्रश्नपत्रिका १०१ पासून पुढच्या तीन अंकी क्रमांकांनी उपलब्ध आहेत. शिकवणारा बदलतो, पद्धत बदलते, पण साठा तोच राहतो, आणि त्यातला जो भाग आपण आधी वापरला तो पुन्हा कोरा होत नाही. म्हणून कोर्स बदलण्याच्या आठवड्यात पहिले काम अभ्यासाचे नसून मोजणीचे आहे.

जुन्या कोर्सचे सदस्यत्व बंद करण्यापूर्वी तेथील आपली संपूर्ण नोंद उतरवून घ्यावी, कारण सदस्यत्व संपल्यावर ती बघायला मिळेलच याची खात्री नसते. ही नोंद प्रश्नपत्रिकेच्या नव्हे, तर विभागाच्या पातळीवर ठेवावी. कोणत्या प्रश्नपत्रिकेचा कोणता विभाग वेळ लावून सोडवला, कोणता धड्यातील उदाहरण म्हणून नुसता पाहिला आणि कोणत्या विभागातले आठ-दहा सुटे प्रश्न गृहपाठात येऊन गेले, हे एका तक्त्यात लिहावे. सुट्या प्रश्नांकडेच विद्यार्थ्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, असा माझा अनुभव आहे. प्रश्नपत्रिका कोरी समजून सोडवायला घ्यावी आणि लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे युक्तिवाद तपासण्याचे, पाच-सहा प्रश्न ओळखीचे निघावेत, म्हणजे त्या दिवशीचे गुण निरुपयोगी ठरतात.

या मोजणीत एक अडचण हमखास येते. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून लॉजिक गेम्सचा, म्हणजे तर्ककोड्यांचा, विभाग काढून टाकण्यात आला. आता लॉजिकल रीझनिंगचे दोन आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा (उताऱ्यांच्या आकलनाचा) एक असे तीन विभाग गुणांसाठी धरले जातात, आणि या दोहोंपैकी एका प्रकारचा चौथा विभाग गुणांत न धरता घेतला जातो. या बदलाबरोबर प्रश्नपत्रिकांची मांडणी आणि क्रमांक दोन्ही बदलले. त्यामुळे जुन्या पुस्तकात किंवा जुन्या कोर्समध्ये दोन अंकी क्रमांकाने सोडवलेला विभाग नव्या कोर्समध्ये तीन अंकी क्रमांकाखाली समोर येऊ शकतो. ज्याची तयारी या बदलाच्या आधीपासून चालू आहे, त्याने दोन्ही क्रमांकांचा ताळा घालूनच कोऱ्या प्रश्नपत्रिका ठरवाव्यात. ताळा लागत नसेल, तर विभागातील फक्त पहिला प्रश्न उघडून पाहावा; तेवढ्याने ओळख पटते आणि बाकीचा विभाग सुरक्षित राहतो.

मोजणीनंतर साठ्याचे तीन गट पडतात: पूर्ण कोऱ्या, अर्धवट पाहिलेल्या आणि पूर्ण सोडवलेल्या. नव्या कोर्सचे पहिले तीन आठवडे कोऱ्या गटाला हात लावू नये, हे माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. अनेक कोर्स सुरुवातीलाच पातळी ठरवण्यासाठी एक पूर्ण परीक्षा द्यायला सांगतात. ती अर्धवट पाहिलेल्या प्रश्नपत्रिकेवर द्यावी किंवा शेवटच्या दोन-तीन परीक्षांचे गुण कळवून टाळावी. नवी पद्धत अंगवळणी पडेपर्यंत वेग मंदावतो आणि गुण काही काळ खाली येऊ शकतात. त्या काळात वापरलेली कोरी प्रश्नपत्रिका आपली पातळी दाखवत नाही, केवळ संक्रमण चालू आहे एवढेच दाखवते, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असते.

या तीन आठवड्यांत पूर्ण सोडवलेल्या प्रश्नपत्रिकाच खऱ्या उपयोगाच्या असतात. लॉजिकल रीझनिंगच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर आठवत असले तरी बिघडत नाही, कारण काम उत्तर शोधण्याचे नसून पाचपैकी चार पर्याय का चुकतात हे नव्या पद्धतीच्या शब्दांत लिहून काढण्याचे असते. जो प्रश्न जुन्या पद्धतीने चुकला होता तो नव्या पद्धतीने सुटतो का, हे पाहिल्यावर कोर्स बदलण्याचा निर्णय योग्य होता की नाही, याचेही उत्तर मिळू लागते. रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचे मात्र तसे नाही. उताऱ्याचा विषय आणि लेखकाची भूमिका दीर्घकाळ लक्षात राहते, त्यामुळे दुसऱ्या वाचनात समज खरी आहे की आठवणीतली, हे कळत नाही. गुणांत धरल्या जाणाऱ्या या विभागात चारच उतारे असतात. म्हणून कोरे उतारे अधिक मोलाचे समजावेत आणि ते सुट्या सरावात खर्च करू नयेत.

समजा, परीक्षेला चौदा आठवडे उरले आहेत आणि सोळा प्रश्नपत्रिका कोऱ्या आहेत. चौथ्या ते नवव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला एक, म्हणजे तीन कोऱ्या वापराव्यात आणि मधल्या आठवड्यांत अर्धवट पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांतील न पाहिलेले विभाग ३५ मिनिटांची वेळ लावून सोडवावेत. शेवटच्या पाच आठवड्यांत सात कोऱ्या, पण एका आठवड्यात दोनपेक्षा अधिक नकोत, आणि परीक्षेच्या आदल्या तीन दिवसांत एकही नको. एक पूर्ण परीक्षा चार विभाग व मधली दहा मिनिटांची विश्रांती धरून अडीच तासांची होते. तिचे परीक्षण नीट केले, तर त्याला त्याहून अधिक वेळ लागतो. परीक्षण पूर्ण होण्याआधी पुढची प्रश्नपत्रिका उघडणे हा साठ्याचा सर्वांत मोठा अपव्यय आहे. सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या, म्हणजे अलीकडच्या, प्रश्नपत्रिका या अखेरच्या टप्प्यासाठी राखाव्यात.

एकेका परीक्षेच्या गुणांवरून घाईने निष्कर्ष काढू नयेत. १२० ते १८० या मापावरील गुणांभोवती कौन्सिल स्वतःच सुमारे तीन गुण वर-खाली असा पट्टा दाखवते. त्यामुळे १५९ वरून १५७ वर आल्याने धास्तावून लगेच दुसरी कोरी प्रश्नपत्रिका सोडवणे चुकीचे आहे. तीन परीक्षांची सरासरी पाहावी, आणि मन अगदीच अस्वस्थ असेल, तर एखादा अर्धवट गटातील विभाग घ्यावा.

उरलेल्या सहांपैकी दोन प्रश्नपत्रिका विभागवार सरावासाठी फोडाव्यात आणि चार पुनर्परीक्षेसाठी बाजूला ठेवाव्यात. एलसॅट आयुष्यात एकूण सात वेळा देता येते, आणि पहिल्या प्रयत्नातील गुणांवर समाधान न झालेले अनेकजण पुन्हा बसतात. त्या वेळी हाताशी एकही कोरी प्रश्नपत्रिका नसेल, तर सुधारणा झाली की नाही हे थेट परीक्षागृहातच कळते. या चार प्रश्नपत्रिकांचे क्रमांक आजच तक्त्यात वेगळ्या रंगाने लिहावेत आणि नव्या कोर्सच्या वेळापत्रकात त्यांपैकी एखादी गृहपाठ म्हणून आली, तर शिक्षकांकडून तिच्याऐवजी दुसरी मागून घ्यावी.