राज्याचा धडा संसदेच्या पाठांतरावर उरकू नका

खानापूर, निपाणी, बेळगाव भागातून केपीएससी (कर्नाटक लोकसेवा आयोग) किंवा एलएलबीला बसणाऱ्यांची गोची मी नव्यानं काय सांगू? शाळा मराठीतून, पेपर कन्नड नाहीतर इंग्रजी, आणि पुस्तकं पुण्याची. त्या पुस्तकांत महाराष्ट्राची विधानसभा, २८८ची. आपली कर्नाटकची २२४ची, वर विधान परिषद ७५ची. हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं.

खड्डा पुढं आहे. आपण आधी संसद घोकतो आणि राज्याच्या धड्याला ‘तसंच सगळं’ म्हणून पुढं सरकतो. मीही सरकलो, आणि पेपरात विधानसभा-परिषदेचा वाद संयुक्त बैठक बोलावून मिटवला! राज्यात संयुक्त बैठक नाहीच. अनुच्छेद १०८ फक्त संसदेसाठी. राज्याला अनुच्छेद १९७ लागू. विधानसभेनं मंजूर केलेलं विधेयक परिषदेनं फेटाळलं, तीन महिने रखडवलं किंवा विधानसभेला न पटणाऱ्या दुरुस्त्या सुचवल्या, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. दुसऱ्या खेपेला परिषदेकडं एकच महिना. त्यानंतरही अडलं तर विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याचं मानलं जातं. तीन महिने मोजायचे परिषदेसमोर विधेयक ठेवल्याच्या तारखेपासून, विधानसभेतल्या मतदानापासून नव्हे. आणि उलट्या बाजूनं ही सोय नाही: परिषदेत सुरू झालेलं विधेयक विधानसभेनं फेटाळलं की विषय संपला. धन विधेयकाला (कर, सरकारी खर्च यांचं विधेयक) तर परिषदेकडं १४ दिवसच.

दुसरा गोंधळ अधिवेशन संपण्याचा. बैठक तहकूब करतात अध्यक्ष किंवा सभापती, सत्रसमाप्ती, म्हणजे अख्खं अधिवेशन संपवणं, करतात राज्यपाल. सत्रसमाप्तीनं प्रलंबित विधेयक मरत नाही. उदाहरण आपल्या दारातलंच घ्या. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेनं मंजूर केलं. परिषदेत सरकारकडं बहुमत नव्हतं, त्यामुळं तिथं ते लगेच पुढं नेलं नाही. मे २०२२मध्ये अध्यादेश आला आणि सप्टेंबरमध्ये परिषदेची मंजुरी मिळाली. मधे अधिवेशन संपलं म्हणून विधेयक रद्द झालं नव्हतं. मात्र मधेच विधानसभा विसर्जित झाली असती तर गेलं असतं, कारण विधानसभेनं मंजूर करून परिषदेत अडकलेलं विधेयकही विसर्जनात व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होतं. टिकतं ते परिषदेत प्रलंबित असलेलं आणि विधानसभेनं अजून मंजूर न केलेलं. हे सगळं अनुच्छेद १९६च्या खंड ३ ते ५ मध्ये आहे. तीन खंड, पाच मिनिटं.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्स मला आवडत नाहीत, स्पष्टच सांगतो. त्यात केंद्र-राज्य एकाच तक्त्यात कोंबलेलं असतं आणि नेमका फरकच गळतो. ‘सर सांगतील तेवढंच कर’ म्हणणारे सरही तसलेच. संविधानाची अधिकृत मराठी प्रत घ्या, शेजारी इंग्रजी उघडा. पहिले काही दिवस डोकं धरून बसाल, बसा. मूळ मजकूर वाटतो तेवढा अवघड नाही, अनुच्छेद १६८ ते २१२ एवढाच पट्टा आहे. हिवाळी अधिवेशन बेळगावात असताना गॅलरीचा पास मिळाला तर एक दिवस जाऊन बसा, नाही मिळाला तरी अडत नाही.

अध्यादेशाचा २१३ मात्र शेवटी ठेवा. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी अध्यादेश संपतो, हे सगळ्यांना पाठ असतं. दोन्ही सभागृहं वेगवेगळ्या तारखांना बोलावली असतील तर नंतरच्या तारखेपासून मोजायचं, हे त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात दिलंय. तिथवर फारच थोडे पोचतात.