मूल्यं मोजताना आधी माणसाची स्वतःची सरासरी वजा करा

मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये मांडलेली दहा मूलभूत मूल्यं (परंपरा, सुरक्षितता, सत्ता, यश, परोपकार वगैरे) मोजायला सर्वांत सुटसुटीत म्हणजे २१ वर्णनांची प्रश्नावली. युरोपियन सोशल सर्व्हेत (युरोपातल्या अनेक देशांत फेरीफेरीने होणाऱ्या पाहणीत) ती पहिल्या फेरीपासून, म्हणजे २००२ पासून आहे. प्रत्येक वर्णनात एक माणूस असतो आणि विचारायचं इतकंच: हा तुमच्यासारखा किती? उत्तराचे पर्याय सहा. अमूर्त शब्दांवर मत द्यावं लागत नसल्यामुळे कमी शिकलेल्यांनाही ती झेपते. पुरुषांना ‘तो’, बायकांना ‘ती’ असलेली प्रत द्या.

भाषांतर दोघांकडून वेगवेगळं करून घ्या, ते जुळवा आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर करवा. मग थोड्या लोकांना प्रत्येक वर्णन आपल्या शब्दांत सांगायला लावा. खऱ्या चुका इथेच सापडतात.

आकडे हाती आल्यावर आधी दिशा बघा. या सर्व्हेत ‘अगदी माझ्यासारखा’ला १ आणि ‘अजिबात नाही’ला ६ असतो, म्हणून ७ मधून उत्तर वजा करून उलटवा. पाचाहून जास्त उत्तरं कोरी असलेले किंवा सोळाहून जास्त ठिकाणी एकच पर्याय निवडलेले उत्तरदाते गाळा.

आता मुख्य काम. काही समाजांत लोक सगळ्यालाच ‘हो’ म्हणतात, काही ठिकाणी हात आखडता. समजा, एकीची २१ उत्तरांची सरासरी ४.६ आणि परंपरेचे गुण ४.५, दुसऱ्याची सरासरी ३.४ आणि परंपरा ४.०. कच्च्या आकड्यांत ती जास्त परंपरानिष्ठ दिसते. सरासरी वजा केली की तिचे उणे ०.१ आणि त्याचे अधिक ०.६ उरतात: परंपरेला अग्रक्रम देणारा तो आहे. ही वजाबाकी प्रत्येकाची वेगळी करायची, देशाची एकगठ्ठा नाही. घटक विश्लेषणाला (कोणती वर्णनं एकत्र गटात पडतात हे पाहणाऱ्या पद्धतीला) मात्र कच्चेच गुण द्या. आणि समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये, म्हणजे मूल्यांवरून दुसऱ्या एखाद्या गोष्टीचा अंदाज बांधताना) दहाही मूल्यं एकदम कोंबू नका. ती एकमेकांत गुंतलेली असल्याने गुणांक भरकटतात. आठपर्यंत ठीक.

विश्वकल्याणाला तीन वर्णनं, बाकी नऊ मूल्यांना दोन-दोनच. त्यामुळे क्रॉनबाखचा अल्फा (एका मूल्याची वर्णनं आपसांत किती जुळतात याचा आकडा) कमी येणारच. तो वाढवायला वर्णन गाळणं म्हणजे मूल्याचा अर्थच अरुंद करणं.

देशांच्या सरासऱ्या शेजारी मांडण्यापूर्वी मापाची समतुल्यता, म्हणजे प्रश्नावली सगळीकडे तेच आणि तसंच मोजते का, हे तपासा: आधी रचना (कोणती वर्णनं कोणत्या मूल्याची), मग भार (वर्णनाचा मूल्याशी संबंध किती घट्ट), मग आरंभबिंदू (मूल्य सारखंच असताना वर्णनाला मिळणारं उत्तर). दर पायरीला सीएफआय (प्रतिमान आकड्यांशी किती जुळतं याचा निर्देशांक) ०.०१ हून जास्त घसरला तर थांबा. शेवटची पायरी बहुधा अडतेच. अशा वेळी प्रत्येक देशाच्या आतले मूल्यांचे इतर गोष्टींशी असलेले सहसंबंध तुलनेला घ्या, सरासऱ्यांची क्रमवारी छापू नका.