रानातली करवंदे: वेचावीत कशी आणि त्यांचे काय करावे

एप्रिल सरत आला की करवंदाच्या जाळीत एकाच फांदीवर तीन अवस्थांमधली फळे दिसू लागतात: टणक हिरवी, लालसर अर्धी पिकलेली आणि काळी मऊ. ही तिन्ही एकाच टोपलीत टाकून घरी आणली की पुढचा सगळा बेत फसतो. लोणच्याला हिरवीच करवंदे लागतात, सरबताला पूर्ण पिकलेली लागतात आणि जेली घट्ट जमायची असेल तर पिकलेल्यांमध्ये थोडी अर्धी कच्ची मिसळावी लागतात. म्हणून रानात निघण्यापूर्वीच घरी काय करायचे आहे ते ठरवावे आणि त्याप्रमाणे वेचावे. जास्त प्रकार करायचे असतील तर तेवढी वेगळी भांडी सोबत न्यावीत.

हंगाम आणि ओळख

सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातल्या कातळावर करवंदाला साधारण जानेवारीपासून पांढरी, सुवासिक, पाच पाकळ्यांची फुले येतात. लोणच्याजोगी हिरवी फळे मार्च-एप्रिलमध्ये मिळतात, तर पिकलेली एप्रिलच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत. पावसाच्या सरी पडून गेल्या की फळ पाणचट होते आणि त्यात अळ्याही सापडू लागतात, तेव्हा त्यानंतर वेचण्याच्या फंदात पडू नये.

ओळख पटवताना पान, काटा आणि चीक या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. पाने समोरासमोर, जाड आणि तुकतुकीत असतात. काटे लांब, सरळ व टोकदार असून पुष्कळदा जोडीने येतात. आणि पान किंवा फळ तोडताच पांढरा चिकट चीक येतो. त्याच रानात घाणेरीही माजलेली असते आणि तिलाही बारीक काळी फळे येतात. मात्र घाणेरीची पाने खरखरीत व उग्र वासाची असतात, फळे मिरीएवढी असून घोसाने लागतात आणि तिला असा चीक नसतो. घाणेरीची कच्ची फळे विषारी असतात, त्यामुळे मुलांना सोबत नेताना दोन्ही झुडपे शेजारी दाखवून हा फरक आधी समजावून द्यावा. जी ओळख पक्की नाही ते फळ तोंडात घालू नये.

वेचताना

सकाळी ऊन तापण्यापूर्वी जावे. पूर्ण बाह्यांचे जाड कापड, बंद बूट आणि एक आकडीची काठी एवढे हवेच. जाळीत हात घालण्याआधी काठीने बुंध्याशी पालापाचोळा हलवून थोडे थांबावे, कारण कातळावरच्या जाळ्यांच्या सावलीत फुरसे किंवा घोणस असू शकते आणि घाईने आत घातलेला हात त्यांना दिसण्याआधी आपल्याला ते दिसणे महत्त्वाचे आहे. गांधीलमाश्यांचे पोळे आणि मुंगळ्यांची रांगही पाहून घ्यावी. फांदी आकडीने आपल्याकडे ओढावी, शरीर जाळीत घालू नये.

पिकलेले करवंद बोटाचा हलका धक्का लागताच देठापासून सुटते. ओढावे लागले तर ते अजून तयार नाही असे समजावे. सुटलेल्या जागी पांढऱ्या चिकाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब उभा राहतो. तो बोटांना आणि ओठांना चिकटतो, म्हणून वेचण्याआधी तळहातांना थोडे खोबरेल चोळून घ्यावे. पूर्ण पिकलेल्या फळाचा रंग काळा-जांभळा आणि साल जरा निस्तेज असते. चकाकणारे लालसर फळ आंबट निघते. सरबतासाठी वेचत असाल तर एखादे दाताने फोडून आतला गर पाहावा. लहानपणी "कोंबडा की कोंबडी" हा खेळ खेळलेल्यांना हे सांगायला नको: आत लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाली तर कोंबडी. लाल गराच्या जाळीची फळे सरबताला गडद रंग देतात.

टोपली उथळ असावी आणि तळाशी पळसाची किंवा कोणतीही स्वच्छ रुंद पाने अंथरावीत. पिकलेली फळे खोल पिशवीत भरली तर खालची चेंगरतात आणि प्लास्टिकच्या बंद पिशवीत ती उष्णतेने संध्याकाळपर्यंत आंबतात.

कुठे वेचावे हाही प्रश्न आहे. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असतो, तिथे हौसेखातर फळे तोडू नयेत. त्याबाहेरच्या जंगलात २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून फळे, मध अशा जंगलातल्या इतर उत्पन्नावर, वननिवासी समाजांचा हक्क मान्य केला आहे. घाटातल्या रस्त्यावर पानांच्या द्रोणात "डोंगरची काळी मैना" विकायला बसलेल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायकांची उन्हाळ्यातली कमाई याच जाळ्यांवर असते. पाड्याजवळच्या जाळ्या त्यांच्यासाठी सोडाव्यात. जास्त माल हवा असेल तर त्यांच्याकडूनच, घासाघीस न करता विकत घ्यावा. स्वतः वेचताना जाळी ओरबाडू नये, कारण पक्षी आणि वन्यप्राणीही याच फळांवर जगतात.

साफ करणे

घरी आल्यावर त्याच दिवशी निवडावे. पिकलेली करवंदे दहा मिनिटे मिठाच्या पाण्यात ठेवून दोनदा धुवावीत आणि देठ काढावेत. हिरव्या करवंदांना चीक फार असतो, म्हणून सुरीला व हातांना तेल लावून ती मिठाच्या पाण्यातच दोन भागांत चिरावीत. चीक पाण्यात उतरतो. बिया कोवळ्या असतील तर राहू द्याव्यात, कडक झाल्या असतील तर काढाव्यात. यापुढच्या कोणत्याही कृतीला स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे. लोखंड व अॅल्युमिनियम या आंबट फळाशी जुळत नाहीत, रंग आणि चव दोन्ही बिघडते.

हिरव्या करवंदांचे लोणचे आणि चटणी

अर्धा किलो चिरलेली करवंदे कपड्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. त्यात ८० ग्रॅम मीठ व एक चमचा हळद लावून रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी ४० ग्रॅम मोहरीची डाळ, ३० ग्रॅम तिखट आणि तळून कुटलेली मेथी अर्धा चमचा मिसळावी. दीडशे मिलिलिटर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी करून ती पूर्ण गार झाल्यावरच ओतावी. आवडत असल्यास थोडा गूळ घालावा. बरणीत फोडी तेलाखाली बुडालेल्या राहिल्या पाहिजेत. आठवडाभर रोज कोरड्या चमच्याने हलवावे.

चटणी त्याहून सोपी आहे. एक वाटी हिरवी करवंदे, अर्धी वाटी ओले खोबरे, चार मिरच्या, चार लसूणपाकळ्या, कोथिंबीर, मीठ आणि सुपारीएवढा गूळ एकत्र वाटावा. भाकरीबरोबर ही चटणी असली की दुसरे तोंडीलावणे लागत नाही.

पिकलेल्या करवंदांचे सरबत आणि जेली

सरबतासाठी अर्धा किलो काळी करवंदे एक वाटी पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटे शिजवावीत आणि फुटल्यावर पळीने दाबून गाळावीत. मिक्सरमध्ये घालू नयेत, बिया वाटल्या गेल्या की रस कडवट होतो. एक वाटी रसाला दीड वाटी साखर घालून ती विरघळेपर्यंतच गरम करावे. हा पाक फ्रिजमध्ये ठेवावा आणि देताना एका भागाला चार भाग थंड पाणी, चिमूटभर मीठ व जिरेपूड घालावी.

जेलीला मात्र निगुतीने वेळ द्यावा लागतो. पाऊण किलो पिकलेली आणि पाव किलो लालसर करवंदे घ्यावीत, कारण जेली बांधणारे पेक्टिन अर्ध्या कच्च्या फळात जास्त असते. फळे बुडतील इतकेच पाणी घालून वीस मिनिटे शिजवावे. शिजताना चिकामुळे रस गढूळ, दुधट दिसतो. त्याने घाबरू नये, गार होताना तो निवळून लालभडक होतो. पातळ मलमलच्या कापडातून तीन-चार तास आपोआप ठिबकू द्यावा. कापड पिळले तर जेली पारदर्शक होत नाही. जितका रस तितकी साखर घालून मोठ्या आचेवर उकळावे आणि वर येणारा फेस काढत राहावे. दहा मिनिटांनंतर थंड स्टीलच्या ताटलीत एक थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकलावा. वरच्या पापुद्र्याला सुरकुती पडली तर जेली झाली. थेंब पसरला तर आणखी दोन मिनिटे उकळून पुन्हा पाहावे. उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांमध्ये ती गरम असतानाच भरावी.

शेवटी पातेल्याच्या कडेला चिकाचा रबरासारखा थर राहतो. तो साबणाने निघत नाही. आधी कापसाने तेल चोळून थर सुटा करावा, पुसून काढावा आणि मगच पातेले घासायला टाकावे.