मिक्सिंग शिकताय? ग्राफिक्स कार्ड नंतर, आधी दुसरा मॉनिटर घ्या

लातूर, उदगीर, अहमदपूरकडची बरीच पोरं सध्या लग्नाचं मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, शिकायलेत अन् जो भेटतो तो पहिलं ग्राफिक्स कार्डचंच विचारतो, कोणतं घेऊ, किती जीबीचं घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी बावीस-चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर घे, सेकंडहँड असला तरी चालतोय, अन् लॅपटॉपला जोड. रेंडरला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल निघायला, चार तास लागले तर लागू दे, रात्री लावून झोपायचं. पण फ्रेममधी काय काय घुसलंय तेच दिसत नसेल तर कार्ड काय करणार?

बघा, पंधरा इंची लॅपटॉपवर प्रीमिअर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की खाली शॉट ओळीनं लावायची पट्टी म्हणजे टाइमलाइन, बाजूला इफेक्टचे पॅनल, अन् चित्राची खिडकी उरते पोस्टकार्डाएवढी. १९२० बाय १०८० चं चित्र तिथं तिसऱ्या हिश्श्यावर येऊन बसतं. आता आंतरपाटाचा शॉट घ्या. तुमचं सगळं लक्ष नवरा-नवरीच्या तोंडाकडं, अन् तिकडं डाव्या काठाला कूलरचा कोपरा, वर दुसऱ्या शूटिंगवाल्याच्या लाइटचा स्टँड, खालून कुणाचातरी अक्षता टाकणारा अर्धा हात, अन् मागं उभ्या मामाचा फेटा बरोबर कपाळातून कापलेला. लहान खिडकीत हे सगळं रंगाचे ठिपके वाटतंय. पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, घरी त्रेचाळीस इंची टीव्हीवर मात्र पहिल्यांदा तेच दिसतं, अन् मामाला तर हमखास दिसतं.

जोडणी अवघड नाही. एचडीएमआय केबल लावायची, विंडोज अन् पी दाबायचं, एक्स्टेंड निवडायचं. डुप्लिकेट नाही, डुप्लिकेट केलं की तीच टाइमलाइन तिकडंबी दिसती, मग उपयोग काय. प्रीमिअरमधी प्रेफरन्सेसमधी प्लेबॅकमधी जाऊन मर्क्युरी ट्रान्समिट चालू करा अन् दुसऱ्या मॉनिटरवर टिक मारा, की तिकडं नुसतं चित्र येतं, बटणं नाहीत काही नाहीत. दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी वर्कस्पेस मेनूत व्हिडिओ क्लीन फीड शोधायचं. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर फ्रेम बघण्यापुरता चालेल, फोकस त्याच्यावर ठरवू नका, चित्र जरा मऊच येतं. अन् लॅपटॉपला टाइप-सी आहे म्हणून नुसतं कन्व्हर्टर आणू नका, प्रत्येक टाइप-सीमधून व्हिडिओ बाहेर निघत नाही, आधी मॉडेल बघून घ्या.

काहीजण मॉनिटरऐवजी घरचा टीव्हीच लावतात. लावा की, पण त्यात एक गोम आहे. बऱ्याच टीव्हीला ओव्हरस्कॅन नावाचा प्रकार असतो, तो चित्र जरा मोठं करून चारी बाजूच्या कडा खातो. म्हणजे ज्या कडा बघायला तुम्ही टीव्ही लावला त्याच गायब. पिक्चर साइजच्या सेटिंगमधी एलजीला जस्ट स्कॅन, सॅमसंगला स्क्रीन फिट, सोनीला फुल पिक्सेल असं काहीतरी सापडेल, ते निवडा. पण पार्टीच्या टीव्हीवर हे कोण करणार? कुणीच नाही. म्हणून नावं, तारीख, मंगल कार्यालयाचा पत्ता हे कधी काठाला चिकटवायचं नाही. प्रीमिअरमधी सेफ मार्जिन चालू केलं की दोन चौकटी दिसतात, आतली अक्षरांसाठी, ती दोन्ही काठ मिळून २० टक्के सोडती. ती जुन्या डबा टीव्हीच्या जमान्यातली आहे, आता १० टक्के सोडलं तरी भागतं.

आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट लुकलुकू नये यासाठी शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमवर असतं. मॉनिटर मात्र ६० हर्ट्झवर चालतो. मग पॅन केलेला, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवून घेतलेला, शॉट तिकडं जरा अडखळत जातो अन् नवा माणूस कॅमेऱ्यावाल्याला शिव्या देत बसतो. मॉनिटर ५० हर्ट्झ घेत असेल तर डिस्प्ले सेटिंगमधी तेवढं करा, प्रत्येक फ्रेम सरळ दोनदा दिसते, अडखळणं जातं. तसंच प्लेबॅक रेझोल्यूशन पावपट ठेवलं असेल तर चालू चित्र धूसरच दिसणार, पॉज रेझोल्यूशन फुल ठेवून थांबवून बघा.

माझी पद्धत अशी की कटिंग पूर्ण झालं की आवाज बंद करून एकदा सगळं बघायचं अन् मधी बघायचंच नाही, फक्त चारी काठ. मंगलाष्टकं कानावर पडली की नजर आपोआप स्टेजवर जाते, म्हणून आवाज बंद. जिथं काही घुसलेलं दिसतं तिथं स्केल, म्हणजे चित्राचा आकार, १०४-१०५ टक्के करून जरा सरकवलं की बहुतेक निघून जातं. फोरके, म्हणजे एचडीच्या दुप्पट रुंद अन् दुप्पट उंच, फुटेज एचडी टाइमलाइनवर असेल तर चैनच, दुप्पट झूमपर्यंत चित्र फाटत नाही. फक्त तेवढं स्केल टू फ्रेम साइज वापरू नका, सेट टू फ्रेम साइज वापरा. पहिल्यात जास्तीचे पिक्सेल तिथंच संपतात, नंतर झूम केलं की एचडीचंच ताणलं जातं.

आता नवीन डोकेदुखी म्हणजे मांडवातली एलईडी वॉल. प्रीवेडिंगचा व्हिडिओ तिथं लावतात अन् ती वॉल क्वचितच सोळाला नऊ असते. बारा बाय आठ फुटाची असली अन् ऑपरेटरनं चित्र भरून लावलं तर दोन्ही बाजूनं साधारण आठ-आठ टक्के जातं, म्हणजे परण्या (नवरदेवाची मिरवणूक) मारुतीच्या देवळाकडून परत येईस्तोवर पाहुणेमंडळी अर्धवट कापलेलं आडनाव वाचत बसतात. नाहीतर तो ताणून लावतो अन् नवरी आहे त्यापेक्षा बारीक-उंच दिसते, त्याची तक्रार अजून कुणी केलेली ऐकली नाही. तरी ऑर्डर घेतानाच वॉलची लांबी-उंची विचारून ठेवा अन् त्या मापाची सिक्वेन्स, म्हणजे टाइमलाइन, वेगळी करा.

रीलसाठी तर दुसरा मॉनिटर उभाच करायचा, स्टँड फिरणारा असेल तर, अन् डिस्प्लेत पोर्ट्रेट निवडायचं. आडव्या एचडी शॉटमधून उभी फ्रेम काढली तर रुंदी जेमतेम ६०७ पिक्सेल उरते, मोठ्या मॉनिटरवर ते लगेच फुटलेलं दिसतं. फोरकेमधून १२१५ मिळते, तिथं अडचण नाही. म्हणून हळदीचे अन् वरातीचे शॉट फोरकेमधी घ्यायला शूटिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा, रील त्याच्यातूनच निघतात.