मुरघास झाकताय? आधी कडांचं बघा

मागच्या मे महिन्यात मुरघासाचा, म्हणजे हवाबंद दाबून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा भरला. मका चांगली, कुट्टी (चाऱ्याचे बारीक तुकडे) चांगली, वरचा प्लॅस्टिकचा कागद नवाकोरा, आणि तरी जुलैत उघडला तर दोन्ही भिंतींच्या कडेने हातभर रुंदीचा पट्टा काळा, बुळबुळीत, कुजका वास मारणारा. हात घातला तर आतून गरम. मधला माल मात्र पिवळसर हिरवा, आंबूस-गोड वासाचा, एक नंबर. भिंतींना आतून कागद लावायचा राहिला होता, बाकी काही नाही. यंदा भरणार असाल तर हे वाचूनच भरा.

मका चिकात, म्हणजे दाण्यात दुधासारखा चीक असताना कापायची, कुट्टी बारीक, हे सगळ्यांना माहितीय. ओल बघायला कुट्टी मुठीत घट्ट आवळा, मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि हात नुसता ओलसर झाला तर भरा, पाणी गळलं तर अजून थांबा. गूळ, मीठ, कल्चर (चारा आंबवणारे जिवाणू) यांवर लोक तासभर बोलतात, कडांवर कुणी बोलत नाही.

तर कागद. भरायला सुरुवात करायच्या आधी, आधी म्हणजे आधीच, दोन्ही भिंतींवरून कागद आत तळापर्यंत सोडा आणि बाहेरच्या बाजूला चार-पाच फूट लोंबता ठेवा. खड्डा भरला की तो लोंबता भाग मालावर दुमडायचा आणि त्याच्यावरून मोठा कागद, भिंतीच्या पार बाहेर जाईल एवढा. कारण पावसाचं पाणी वरच्या कागदावरून घरंगळत भिंतीपाशीच येतं, आणि तिथे बाजूचा कागद नसला की भिंत धरून सरळ आत उतरतं, हवाही त्याच वाटेने जाते. भिंत सिमेंटची आहे, कागद कशाला, असं मी म्हणालो होतो. मृगाच्या पहिल्या दोन पावसांतच नुकसान झालं असणार, वरून काही दिसलं नाही.

दाबताना अर्धा-अर्धा फुटाचा थर, ट्रॅक्टर मागेपुढे, आणि कडेला माल मधल्यापेक्षा थोडा उंच ठेवा म्हणजे चाक भिंतीलगतही दाबतं. चाकाने बाजूचा कागद ओढला जातो, तिथे एक माणूस फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायला उभा करा. शेवटी मधे फुगवटा द्या, पाणी साचता कामा नये. दोन दिवसांत भरून बंद, रेंगाळू नका.

झाकल्यावर कागदाची पांढरी बाजू वर. मधे जुने टायर चालतील, पण कडेने वाळूच्या गोण्या एकीला एक चिकटवून, सलग. एक हात सोडून एक गोणी ठेवली तर मधल्या फटीतून वारा कागद उचलतो. पुन्हा सांगतो, बाजूचा कागद, आणि कडेला सलग वजन.

मग आठवड्यातून एकदा फेरी मारा, उंदीर-कुत्र्यांनी भोक पाडलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी. खड्ड्याऐवजी बॅगेत मुरघास भरणाऱ्यांनी उंदरांचं जास्त बघा. निदान 45 दिवस हात लावू नका. एकाच तोंडाने उघडा, रोज अर्धा फूट तरी सरळ कापून काढा, बुरशी दिसली तर फेका, गाभण गाईला तर अजिबात नको. काढून झालं की कागद परत ओढा, आणि कडेच्या गोण्या त्या दिवशी लागतील तेवढ्याच हलवा.