सर्दीची गोळी वेगळी, तापाची वेगळी, आत औषध एकच: या चुका टाळा

पावसाळा लागला की सांगलीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये हे ऐकू येतं: "एक सर्दीची द्या, एक तापाची द्या." घरी आल्यावर दोन्ही एकदमच घेतल्या जातात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, आणि तापाची गोळी म्हणजे तर निव्वळ पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमची एक आणि ६५० ची एक, अशी जोडी दिवसात चारदा घेतली की ४.६ ग्रॅम होतात. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा आहे ४ ग्रॅम. वजन कमी असेल किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी. जादा झालेलं यकृताला भोवतं, तेही लगेच कळत नाही.

नाव काय बघता, आत काय आहे ते बघा. पण बघणार कसं? "दोनच द्या" म्हटल्यावर दुकानदार कात्रीनं स्ट्रिप कापतो. नाव आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. कापायच्या आधी अख्ख्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

या दिवसांत डेंग्यूही असतो. अंग ठणकतंय म्हणून कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन किंवा डिस्प्रिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. कारण कळेपर्यंत नुसतं पॅरासिटामॉल पुरे.

गजकर्णाचं, म्हणजे बुरशीच्या चट्ट्यांचं, तर विचारूच नका. ओले कपडे, घाम, मांडीत खाज, आणि मेडिकलमधून आणलेली "खाजेची ट्यूब". दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. महिन्याभरात चट्टा पोटापर्यंत. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे: खाज दाबतं, बुरशीला मोकळं रान देतं. अशी ट्यूब परस्पर लावू नका. आधीच लावत असाल तर त्वचेच्या डॉक्टरांना ती दाखवा, लपवू नका.

आता घरचे उपाय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान आहेच. पण म्हणून डब्यातली हळद उघड्या जखमेत भरायची नसते. ती निर्जंतुक नसते, वर जखम किती खोल आहे तेही दिसत नाही. साबणपाण्यानं धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. हळदीचं दूध खुशाल प्या.

खोकल्याला मध खरंच चांगला, पण वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायलासुद्धा नको. बोट्युलिझम हा दुर्मिळ पण जिवावर बेतणारा आजार त्यातून होऊ शकतो. आजी रागावतील, रागावू द्या.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट पेल्यात थोडंथोडं घालतात. त्यानं मिठाचं प्रमाण बिघडतं. अख्खं पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम घाला, २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. पाकीट नसेल तर १ लिटरला ६ सपाट छोटे चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ.

नाक मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांपुरतेच; पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदतं.

आणि छातीत जळजळीबरोबर घाम फुटला, जबडा किंवा हात दुखू लागला, तर तो हार्ट अटॅक असू शकतो; सोडा पिऊन ढेकरेची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा.