कौलारू घराचं मॉडेल विंड टनेलमध्ये टाकायच्या आधी

निसर्ग वादळात (३ जून २०२०) श्रीवर्धनकडे किती घरांची कौलं गेली, म्हणून विंड टनेलमधली, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून मोजायच्या बोगद्यातली, ही चाचणी नीट करा. आधी प्रश्न एकच ठरवा, कौल कुठल्या कोनातल्या वाऱ्याला उचलतं. आयआयटी कानपूरच्या टनेलचं टेस्ट सेक्शन, म्हणजे मॉडेल ठेवायची जागा, ३ बाय २.२५ मीटर, त्यात मॉडेलने ५ टक्क्यांहून जास्त जागा अडवली की हवा कडेने जोरात पळते आणि आकडे फुगतात, म्हणजे समोरून साधारण ०.३ चौरस मीटरच्या आतच बसवा. हवेचा दाब मोजायची बारीक भोकं मॉडेलच्या वळचणीला नि आढ्याजवळ दाट पाडा, ओढ तिथेच जास्त असते. मॉडेलच्या पुढे, वारा येतो त्या बाजूला, टनेलच्या जमिनीवर ठोकळे मांडा, माडा-पोफळीतून येणारा वारा खाली मंद नि खवळलेला असतो ना. मॉडेल ठेवायच्या आधी रिकाम्या टनेलचं रीडिंग घ्या. महत्त्वाचे कोन पहिल्याच दिवशी उरका, एखादा शेवटी परत घ्या, जुळला नाही तर मधलं सगळं तपासा.